कामठ्यावरचं पांढरं विमान: मॉथपासून डायमंडपर्यंत, सीटवर बसणाऱ्याच्या बाजूने

आजच्या भागाची सुरुवात एका आवाजाने करूया. गोंदियाहून कामठ्याकडे निघालात, दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मध्येच एखादी बोडी, आणि डोक्यावरून घुंऽऽऽ करत एक छोटं पांढरं विमान जातं. लांब, सडपातळ पंख. पुढे काचेचा गोल घुमट. शेपूट इंग्रजी टी अक्षरासारखी. दहा मिनिटांत तेच विमान परत येतं. पुन्हा जातं. पुन्हा येतं.

कामठा, बिरसी, खातिया या गावांत मोठी झालेली पोरं या आवाजाकडे आता मानही वर करत नाहीत. पण बाहेरून आलेला माणूस हमखास विचारतो, "हे विमान गोल गोल का फिरतंय?"

उत्तर सोपं आहे. आत शिकणारा मुलगा किंवा मुलगी आहे. उतरायचं, चाकं टेकवायची, लगेच परत उडायचं, असा सराव चालू आहे.

आजचा प्रश्न मात्र थोडा वेगळा आहे. त्या घुमटाखाली बसलेल्या पोराला कसं वाटत असेल? सीट कशी असेल? मे महिन्यातल्या ४४ डिग्रीत आत काय होत असेल? आणि शंभर वर्षांत ही छोटी विमानं एकेका आवृत्तीने बदलत गेली, त्यात बसणाऱ्याच्या वाट्याला नेमकं काय आलं? "आराम" हा शब्द ऐकला की आपल्याला चैन आठवते. शिकाऊ विमानात आरामाचा अर्थ वेगळा असतो. तो शेवटी जिवाशी येऊन थांबतो. कसा, ते बघूया.

आधी जागा समजून घेऊ

कामठा हे जुनं नाव आहे. भोसल्यांच्या काळापासूनची ही जमीनदारी. आज बरेच लोक या गावाला लहरीबाबांच्या आश्रमामुळे ओळखतात. आणि गावाला लागूनच आहे बिरसीचा विमानतळ, ज्याला कागदोपत्री गोंदिया विमानतळ म्हणतात. शहरापासून बारा-पंधरा किलोमीटर.

ही धावपट्टी मूळची १९४० ची. दुसरं महायुद्ध चालू होतं आणि इंग्रजांना देशाच्या मधोमध विमानं उतरवायला जागा हव्या होत्या. युद्ध संपलं, इंग्रज गेले, पट्टी राहिली. पुढे बरीच वर्षं तिथे फारसं काही घडलं नाही. १९९८ मध्ये ती एमआयडीसीकडे गेली आणि २००५ च्या अखेरीस भारतीय विमानपत्तन प्राधिकरणाकडे आली. तेव्हा केंद्रात नागरी उड्डाण मंत्री होते गोंदियाचेच प्रफुल्ल पटेल. पट्टी वाढली, रुंद झाली, आणि २००८ च्या सुमारास इथे राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था, म्हणजे एनएफटीआय, उभी राहिली. त्यात प्राधिकरण आणि कॅनडाची सीएई कंपनी भागीदार.

मार्च २०२२ मध्ये इथून पहिल्यांदा नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली. पण त्याच्या कितीतरी आधीपासून कामठ्याच्या आभाळावर खरा हक्क होता तो या शिकाऊ विमानांचा. डायमंड डीए-४० आणि दोन इंजिनांचं डीए-४२.

हेही सांगायला हवं, की ही वाढ फुकटात झाली नाही. विमानतळासाठी बिरसीतल्या कुटुंबांच्या जमिनी गेल्या, घरं गेली, आणि पुनर्वसनाचा प्रश्न वर्षानुवर्षं रेंगाळला. वरून उडणाऱ्या पोराचं स्वप्न आणि खालच्या शेतकऱ्याची बांधी, दोन्ही एकाच पट्टीला बांधलेली आहेत. हे डोक्यात ठेवून पुढे जाऊ.

पहिली आवृत्ती: वारा तोंडावर

आता एकदम शंभर वर्षं मागे. २२ फेब्रुवारी १९२५. इंग्लंडमध्ये जेफ्री डी हॅविलँड यांनी एक छोटं विमान उडवलं, डीएच-६० मॉथ. लाकडी सांगाडा, वर कापड, एकावर एक असे दोन पंख, आणि एकामागे एक अशा दोन उघड्या बैठका. पंख घडी करून मागे वळवता यायचे, म्हणजे साध्या शेडमध्येही विमान मावायचं. आधीची विमानं सैन्याची किंवा श्रीमंतांची. मॉथ आलं आणि फ्लाइंग क्लब नावाची गोष्ट जगभर पसरली.

१९२८ मध्ये त्यात जिप्सी नावाचं नवं इंजिन बसलं आणि ते जिप्सी मॉथ झालं. त्याच वर्षी मुंबईत बॉम्बे फ्लाइंग क्लब निघाला. आणि १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटांना भारतात दिलेला पहिला वैमानिक परवाना मिळाला. नंबर एक!

आता या विमानात बसायचं म्हणजे काय, याची कल्पना करा. तोंडावर सरळ वारा. कातडी टोपी, गॉगल. शिक्षक एका खड्ड्यात, विद्यार्थी दुसऱ्या खड्ड्यात. बोलायचं कसं? एका रबरी नळीतून. एका टोकाला तोंड, दुसऱ्या टोकाला कान. शिक्षक ओरडणार, विद्यार्थ्याला निम्मं ऐकू येणार. ब्रेक नाहीत. मागच्या बाजूला टेकू म्हणून लोखंडी पट्टी, तीच गवतावर घासत विमान थांबणार.

पण हाताळायला? मॉथ गरीब गाईसारखं होतं. हळू उडायचं, हळू उतरायचं, चुका पोटात घालायचं. म्हणून तर शिकायला बरं.

१९३१ मध्ये त्याची पुढची आवृत्ती आली, टायगर मॉथ. हे नाव तुम्ही ऐकलं असेल. दोघांत फरक काय? जुन्या मॉथमध्ये वरचा पंख बरोबर पुढच्या बैठकीच्या डोक्यावर यायचा. पाठीला पॅराशूट बांधलेल्या माणसाला अडचणीच्या वेळी बाहेर पडताच येईना. म्हणून टायगर मॉथमध्ये वरचा पंख पुढे सरकवला, आणि त्यामुळे बिघडलेला तोल सांभाळायला पंख थोडे मागे वळवले. एका माणसाला बाहेर उडी मारता यावी म्हणून अख्ख्या विमानाचा आकार बदलला. आरामाचा विचार हा असा सुरू होतो.

बंद खोलीचं सुख आणि त्याची किंमत

दरम्यान अजून एक भावंड आलं होतं, पस मॉथ. एकच पंख, तोही छतावर, आणि मुख्य म्हणजे बंद केबिन. वारा नाही, गॉगल नको, साध्या कपड्यांत बसा. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी टाटा कराचीहून टपाल घेऊन अहमदाबादमार्गे मुंबईला जुहूत उतरले, ते याच पस मॉथमधून. भारतीय हवाई टपालाची, आणि पुढे एअर इंडिया झालेल्या कंपनीची, ती सुरुवात.

मग पस मॉथ म्हणजे मॉथची सुधारलेली आवृत्ती, बरोबर? आरामात, नक्कीच. पण सुरुवातीच्या काही वर्षांत जगात ठिकठिकाणी पस मॉथ हवेतच मोडायला लागली. खडबडीत हवेत पंख निखळायचे. बराच तपास झाल्यावर कळलं, की ठराविक वेगाला पंख आणि त्यांचे आधाराचे दांडे थरथरायला लागतात आणि ती थरथर वाढत जाऊन सांगाडा तुटतो. मग दुरुस्त्या झाल्या, विमान सुधारलं.

ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे. नवी आवृत्ती एक त्रास काढते आणि एक नवा धोका घेऊन येते. तो धोका कोणाला तरी शोधावा लागतो.

घाटगे साहेबांची पुष्पक

आता आपल्या माणसाकडे येऊ. डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूर जिल्ह्यातले, जन्म १९०८ चा. जर्मनीत ग्योटिंगेनला लुडविग प्रांटल यांच्या हाताखाली शिकले. प्रांटल म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या शास्त्रातला बाप माणूस. परत येऊन घाटगे बंगळुरूच्या हिंदुस्तान एअरक्राफ्टमध्ये गेले.

त्यांच्या देखरेखीखाली १९५१ मध्ये एचटी-२ उडालं. भारतात आखलेलं आणि कारखान्यात नियमितपणे तयार झालेलं पहिलं विमान. धातूचं, पंख खाली, दोघं एकामागे एक. हवाई दलाच्या शिकाऊ पोरांसाठी. मग १९५८ मध्ये फ्लाइंग क्लबांसाठी पुष्पक आलं. बांधणी अमेरिकन एरॉन्का चीफशी मिळतीजुळती. पंख वर, सांगाड्यावर कापड, ९० हॉर्सपॉवरचं इंजिन, आणि दोघं शेजारी-शेजारी.

हा "शेजारी-शेजारी" भाग साधा वाटतो, पण शिकण्याच्या दृष्टीने फार मोठा आहे. एकामागे एक बसलं की शिक्षकाला विद्यार्थ्याचा चेहरा दिसत नाही. पोरगा घाबरलाय का, त्याने दांडा किती घट्ट धरलाय, नजर बाहेर आहे की काट्यांवर खिळली आहे, काहीच कळत नाही. शेजारी बसलं की सगळं दिसतं. शिक्षक बोटाने दाखवू शकतो, "ते बघ, क्षितिज तिथे ठेव." आमच्याकडे ट्रॅक्टर शिकवताना काका मडगार्डवर शेजारी बसतात ना, तसंच!

तोटा? खांद्याला खांदा घासतो. आणि पंख वर असल्यामुळे वळताना ज्या बाजूला वळतोय तीच बाजू पंखाखाली झाकली जाते. पुष्पकला शेपटाखाली छोटं चाक होतं, त्यामुळे जमिनीवर असताना नाक वर. समोरचं नीट दिसायचं नाही. उतरल्यावर पाय जरा चुकला की विमान गर्रकन फिरायचं. जुने वैमानिक सांगतात, "शेपूटचाकाने पाय शिकवले." खरं आहे. पण त्या शिकवणीत बरीच विमानं वाकडीही झाली.

पुढे अनेक क्लबांत अमेरिकन सेसना आली. १५२ आणि १७२. पुढे नाकाखाली चाक, त्यामुळे समोरचं स्वच्छ दिसतं आणि उतरणं सोपं. आजही देशात कितीतरी वैमानिकांचा पहिला तास सेसनातलाच असतो.

डायमंड: ग्लायडरच्या घरातली लेक

आता कामठ्याच्या पांढऱ्या विमानाची वंशावळ. तिची सुरुवात कारखान्यापेक्षा ग्लायडरच्या मैदानावर जास्त होते.

१९८० मध्ये वुल्फ हॉफमन यांचं डिमोना नावाचं मोटर-ग्लायडर उडालं. ग्लायडर म्हणजे इंजिनाशिवाय हवेत तरंगणारं विमान. त्याला छोटं इंजिन लावलं की मोटर-ग्लायडर. काचतंतू आणि राळ यांपासून बनवलेलं, गुळगुळीत, लांब पंखांचं. त्यावरून ऑस्ट्रियातल्या कंपनीने १९९१ मध्ये पंख थोडे आखूड करून कटाना उडवलं. दोन सीट, ८० हॉर्सपॉवरचं रोटॅक्स इंजिन. कंपनीचं नाव पुढे डायमंड झालं.

कटाना पेट्रोल कमी प्यायचं आणि हवेत सुरेख तरंगायचं. पण गरम दिवसात दोन धडधाकट माणसं बसवून उडायला ८० हॉर्सपॉवर अपुरी पडायची. म्हणून पुढची आवृत्ती आली, डीए-२० सी-१. त्यात १२५ हॉर्सपॉवरचं काँटिनेंटल इंजिन. ताकद वाढली, तसा पेट्रोलचा खर्चही वाढला.

५ नोव्हेंबर १९९७ ला चार सीटचं मोठं भावंड उडालं. डीए-४०. हेच ते.

आता यात बसून बघूया. दरवाजा नाही! पंखावर पाय ठेवून वर चढायचं आणि पुढे उघडणाऱ्या काचेच्या घुमटातून आत उतरायचं. मागच्या सीटसाठी मात्र बाजूला वेगळं दार आहे. पावसाळ्यात घुमट उघडला की सीट आणि तुम्ही दोघंही ओले.

सीट पुढे-मागे सरकत नाही. पायातली पेडलं जवळ-लांब करायची. हे विचित्र वाटतं, पण कारण भक्कम आहे. सीट सांगाड्यालाच पक्की असली की जोराच्या आदळण्यात ती रुळावरून निसटत नाही. ही सीट २६ पट गुरुत्वाकर्षणाचा धक्का सोसेल अशा चाचणीतून गेलेली आहे. म्हणजे बसायला थोडी कडक, पण वाईट दिवशी तीच तुमची पाठ सांभाळणार. इंधनाच्या टाक्याही पंखातल्या दोन मुख्य तुळयांच्या मध्ये ठेवलेल्या, म्हणजे बाहेरून मार बसला तरी टाकी फुटण्याची शक्यता कमी.

हातात स्टिअरिंगसारखं चाक नाही. दोन पायांच्या मधून वर आलेला दांडा. बोटांनी धरायचा. ग्लायडरचं रक्त इथे जाणवतं, कारण विमान हलक्या हाताला ऐकतं. वेग फार कमी झाला तर सेसनासारखं नाक टाकण्याऐवजी बऱ्याचदा हे विमान थरथरत, डोलत सपाट खाली बसायला लागतं. शिकणाऱ्याला सावरायला वेळ मिळतो.

जमिनीवर मात्र त्याचा स्वभाव वेगळा. पुढचं चाक मोकळं फिरतं, बाजारातल्या ट्रॉलीच्या चाकासारखं. वळायचं तर डाव्या किंवा उजव्या ब्रेकवर हलका पाय द्यायचा. पहिल्या दिवशी सगळे नागमोडी चालवतात. दोन दिवसांत जमतं. पण जो ब्रेकवरच पाय ठेवून बसतो, तो ब्रेक तापवतो.

एकाच नावाची तीन विमानं

आता मुख्य तुलना. बाहेरून बघितलं तर सगळी डीए-४० सारखीच. आत मात्र तीन वेगळे स्वभाव.

पहिलं, डीए-४० १८०. अमेरिकन लायकमिंग इंजिन, १८० हॉर्सपॉवर. इंधन म्हणजे एव्हगॅस, विमानाचं खास पेट्रोल. हाताशी तीन दांडे: एक ताकदीचा, एक पंख्याच्या फिरण्याचा, एक हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचा. तिन्ही सांभाळायचे. वजनाला हलकं, त्यामुळे चपळ. इंजिन जुन्या पद्धतीचं, पण कुठलाही अनुभवी मेकॅनिक ओळखणारं.

दुसरं, डीए-४० टीडीआय. इथे क्रांती झाली. जर्मनीच्या थिएलर्ट कंपनीने मर्सिडीजच्या छोट्या कारचं डिझेल इंजिन विमानात आणलं. १३५ हॉर्सपॉवर. इंधन म्हणजे जेट ए-१, जे मोठ्या विमानांना लागतं आणि जवळजवळ प्रत्येक विमानतळावर मिळतं. तीन दांड्यांच्या जागी एकच, बाकीचं कॉम्प्युटर बघतो. ताशी इंधन खूपच कमी.

भारतात या फरकाला फार वजन आहे. एव्हगॅस आपल्याकडे वर्षानुवर्षं परदेशातून यायचं, महाग पडायचं, मधूनच तुटवडा व्हायचा. इंडियन ऑइलने ते देशात, बडोद्याच्या रिफायनरीत, बनवायला सुरुवात केली ती थेट २०२२ मध्ये. त्याआधी एव्हगॅसचा टँकर अडकला की एखाद्या क्लबातली विमानं जमिनीवर आणि पोरं होस्टेलवर.

पण टीडीआयचं दुखणंही मोठं होतं. गिअरबॉक्स ठराविक तासांनी काढून तपासावा लागायचा. इंजिन दुरुस्त करण्यापेक्षा पूर्ण बदलायचंच. आणि एप्रिल २००८ मध्ये थिएलर्ट कंपनी दिवाळखोरीत गेली. जगभरच्या शाळांची डिझेल विमानं एका रात्रीत पोरकी झाली. सुटे भाग महागले, वॉरंटीचा कागद निरुपयोगी.

म्हणून तिसरं, डीए-४० एनजी. डायमंडने स्वतःचीच इंजिन कंपनी काढली आणि मर्सिडीजचंच दोन लिटरचं डिझेल इंजिन घेऊन १६८ हॉर्सपॉवरचं एई-३०० बनवलं. २०१० मध्ये युरोपात एनजीला मान्यता मिळाली. आवाज मऊ, कंप कमी, दांडा एक, इंधन जेट ए-१. पण वजन १८० पेक्षा सुमारे शंभर किलो जास्त. त्यामुळे उतरताना वेग जास्त ठेवावा लागतो आणि नाक थोडं जड वाटतं. उलट, दुपारच्या धक्क्यांच्या हवेत हेच वजन कामी येतं. हलकं विमान बैलगाडीसारखं हिंदकळतं, जड विमान जरा दमाने जातं.

आता तुम्ही म्हणाल, मग सगळ्यात चांगलं कोणतं? थांबा. कामठ्याचं ऊन अजून हिशोबात आलेलं नाही.

४४ डिग्रीचं गणित

बिरसीची पट्टी समुद्रसपाटीपासून साधारण ३०० मीटर उंचीवर आहे. फार नाही. पण हवा तापली की विरळ होते. पंखाला धरायला हवा कमी, इंजिनाला ओढायला हवा कमी. वैमानिक याचा हिशोब उंचीत करतात. मे महिन्यात ४४ डिग्री असताना बिरसीवर उभं असलेलं विमान असं वागतं, जणू ते १,४०० मीटरवर आहे. महाबळेश्वरपेक्षाही थोडं वर! तुम्ही गोंदियात आहात, विमान मात्र मनाने महाबळेश्वरात.

अशा वेळी साध्या पेट्रोल इंजिनाची ताकद साधारण आठव्या हिश्श्याने कमी होते. १८० मधले वीस-बावीस घोडे उन्हातच पळून जातात. डिझेल इंजिनाला मात्र टर्बो असतो. तो हवा दाबून आत कोंबतो, त्यामुळे ताकद टिकते. पंखांना मात्र टर्बो नसतो. धावपट्टी जास्त लागतेच. सुदैवाने बिरसीची पट्टी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास आहे.

आणि आतला माणूस? काचेचा घुमट थंड ऑस्ट्रियात वरदान आहे. सगळीकडे स्वच्छ दिसतं, ऊब मिळते. विदर्भात तो शुद्ध कुकर. म्हणून जमिनीवर चालताना डीए-४० चा घुमट थोडासा उघडा ठेवता येतो, वारा यावा म्हणून. पण उडायच्या आधी तो पक्का लावायचा, हे विसरून चालत नाही. ही एक जास्तीची आठवण, तीही घाम डोळ्यांत जात असताना. नंतरच्या आवृत्त्यांत घुमट डोक्यापाशी उंच केला, आणि एनजीला विजेवरचा एसी पर्याय म्हणून मिळायला लागला. पण एसी म्हणजे पुन्हा वजन.

विमान पांढरंच का, हेही इथे कळतं. काचतंतूची राळ जास्त तापली तर ताकद गमावते. पांढरा रंग ऊन परतवतो. तो रंग फॅशनचा नाही.

बघा, इथे आरामाचा खरा अर्थ समोर येतो. घामाघूम झालेला, मळमळणारा, पाणी कमी प्यायलेला विद्यार्थी यादीतली एक ओळ गाळतो. वेग बघायला दोन सेकंद उशीर करतो. शिक्षकाचं निम्मं वाक्य ऐकतो. म्हणून थंड केबिन, न घासणारी सीट, नीट ऐकू येणारा हेडसेट या गोष्टी सुरक्षेच्याच भाग आहेत. आणि म्हणूनच जुन्या मंडळींचा नियम आजही पक्का: उन्हाळ्यात उडायचं तर पहाटे उडा.

कॉम्प्युटर झोपला तर?

पस मॉथची गोष्ट आठवते? नवी आवृत्ती, नवा धोका. तसंच डीए-४२ बाबत घडलं.

डीए-४२ पहिल्यांदा उडालं डिसेंबर २००२ मध्ये. दोन डिझेल इंजिनं, आत घेता येणारी चाकं, समोर काट्यांऐवजी दोन मोठे स्क्रीन. २००४ मध्ये ते कॅनडाच्या किनाऱ्यावरून थेट पोर्तुगालला, अटलांटिक ओलांडून, साडेबारा तासांत पोहोचलं. सगळे थक्क.

मग ४ मार्च २००७, जर्मनीतलं श्पायर. एका डीए-४२ ची बॅटरी पूर्ण उतरलेली होती. बाहेरच्या विजेवर इंजिनं चालू केली आणि विमान उडालं. वैमानिकाने चाकं आत घ्यायचं बटण दाबलं. त्या मोटरने एकदम वीज ओढली, क्षणभर विजेचा दाब खाली आला, आणि दोन्ही इंजिनांचे कॉम्प्युटर रीसेट झाले. दोन्ही इंजिनं एकाच वेळी बंद! जीवितहानी झाली नाही, हे नशीब. त्यानंतर त्या कॉम्प्युटरना वेगळी राखीव बॅटरी देण्यात आली.

लायकमिंगच्या जुन्या इंजिनाला ठिणगीसाठी बॅटरी लागतच नाही. ते स्वतःची वीज स्वतः बनवतं. म्हणजे तीन दांड्यांचा त्रास गेला, एका दांड्याचं सुख आलं, पण बॅटरीकडे बघायची सवय नव्याने लावावी लागली. सोय वाढली की डोळे मिटायची परवानगी मिळत नाही, डोळे दुसरीकडे ठेवावे लागतात एवढंच.

शेवटी, दोन तारखा

कामठ्याच्या आभाळाबद्दल बोलताना दोन महिने टाळता येत नाहीत. एप्रिल २०१७ आणि मार्च २०२३. बिरसीहून उडालेली दोन प्रशिक्षण विमानं, एक वैनगंगेच्या पात्रात, एक बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात. दोन्ही वेळा एक शिक्षक आणि एक शिकाऊ मुलगी गेली. आपण इथे कारणमीमांसा करणार नाही, ते तपास करणाऱ्यांचं काम. पण एवढं नक्की, की जमिनीजवळ उडणाऱ्या हलक्या विमानाकडे चुकायला जागा फार कमी असते. तार असो, डोंगर असो, क्षणाची चूक असो. कितीही चांगली आवृत्ती असली तरी.

व्यावसायिक वैमानिक व्हायला आपल्याकडे किमान २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यासाठी घरचे शेत गहाण ठेवतात, कर्ज काढतात. तुमच्यापैकी कोणी त्या वाटेवर असेल, तर शाळा निवडताना वेबसाइटवरचा चकचकीत फोटो बघून थांबू नका. विचारा: विमानाची आवृत्ती कोणती? इंजिन कुठलं, त्याचे तास किती झालेत? इंधन कोणतं, आणि ते संपलं तर किती दिवस बसून राहावं लागतं? उन्हाळ्यात उड्डाणं किती वाजता संपतात? दमलो तर "आज नको" म्हणायची मुभा आहे का? शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. त्याचं उत्तर कुठल्याही माहितीपत्रकात छापलेलं नसतं.

मॉथमधला विद्यार्थी रबरी नळीला कान लावून बसायचा. पुष्पकमधला खांद्याला खांदा लावून. आजची मुलगी हेडसेट घालून, दोन स्क्रीनसमोर, एका दांड्यावर हात ठेवून बसते. शंभर वर्षांत सीट बदलली, काच बदलली, इंधन बदललं. तिच्या पोटातला पहिल्या सोलोचा गोळा मात्र तोच आहे.

तर पुढच्या वेळी कामठ्याच्या रस्त्यावर ते पांढरं विमान डोक्यावरून गेलं, की एकदा गाडी बाजूला घ्या आणि वर बघा. आवाज मऊ, घरघरता असेल तर कदाचित डिझेल असेल. आणि आत कोणीतरी, कदाचित तुमच्याच वयाचं, पुन्हा एकदा नीट उतरायचा प्रयत्न करत असेल.

आज इथेच थांबूया. भाग आवडला तर गोंदियाकडच्या मित्रांना नक्की पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा, आणि हो, उन्हात पाणी पीत राहा!